चार पायपुसणी

मी चित्रकलेची बाई. शाळेतून निवृत्त झाले, पण माझा आवाज अजून निवृत्त झालेला नाही, असं घरात म्हणतात आणि ते काही खोटं नाही. समोरच्यानं कात्री वाकडी धरली की माझा जीव खालीवर होतो. कागदाची घडी नीट दाबली नाही की मी तो कागद त्याच्या हातातून काढूनच घेते. शाळेत पोरं घाबरून का होईना, सरळ रेघ मारायची. बाहेरच्या जगात माणसं घाबरत नाहीत, नुसती यायची बंद होतात. हे मला कळतं, पण वळत नाही.

तरीही तिघीजणी माझ्याकडे यायच्या, हा त्यांचा सोशिकपणा. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारची जेवणं उरकली की श्रीगोंद्यातल्या माझ्या घरी पुढच्या खोलीत सतरंजी अंथरली जायची आणि आम्ही चौघी मिळून काहीतरी करायला बसायचो. नियम दोनच. महिन्याला एक वस्तू, स्वतःच्या हातानं केलेली. आणि आपण केलेली वस्तू आपल्या घरी न्यायची नाही. चिठ्ठ्या टाकायच्या, जिचं नाव निघेल तिला ती द्यायची. दुसरा नियम मी मुद्दाम केला होता. स्वतःसाठी करताना माणूस चालढकल करतो, दुसऱ्याच्या घरात आपली वस्तू दिसणार म्हटलं की जपून करतो, हा माझा शाळेतला अनुभव.

आमच्यातली एक सरकारी दवाखान्यात सिस्टर होती. दुसरीचं बाजारपेठेत वह्या-पेनांचं दुकान. तिला आम्ही वहिनी म्हणायचो आणि कागद, गोंद, रंग तिच्याकडूनच यायचे. तिसरी म्हणजे जिच्यासाठी मी हे लिहायला बसले आहे, ती कारखान्याच्या रस्त्यावर भाकरी करून विकायची. सिस्टरचा डबा तिच्याकडून यायचा, त्या ओळखीनं सिस्टर तिला एकदा घेऊन आली. ती संक्रांतीआधीची बैठक होती आणि आम्ही हलव्याचे दागिने करणार होतो. मी तिचे हात पाहिले. बोटांना भेगा, मनगटावर तव्याचे चटके. मी तोंडावरच विचारलं, "तुला जमेल का गं हे? नाजूक काम आहे."

"बघते की बाई," ती म्हणाली. "न्हाई जमलं तर च्या करते सगळ्यांना."

मी मोबाईलवर व्हिडिओ लावून दाखवला, दोरा कसा घ्यायचा, गाठ कशी मारायची. तिनं तो एकदाच पाहिला आणि मग खाली मान घालून बसली. तासाभरानं वर पाहिलं तेव्हा तिच्यापुढे ठुशी तयार होती, दाण्याला दाणा असा भिडलेला की मधे दोरा दिसत नव्हता. माझ्या बाजूबंदातून दोराच जास्त दिसत होता. चिठ्ठीत ती ठुशी माझ्याच वाट्याला आली. हलवा खायचा असतो, पण मी तो खाल्ला नाही. कपाटात ठेवला आणि शेवटी मुंग्यांनी तो निकालात काढला.

ती मूळची जामखेडकडची, खर्ड्याजवळच्या एका वाडीतली. तिकडे पाऊस बेताचा, जमीन खडकाळ, म्हणून दिवाळी झाली की अख्खी वाडी कोयते घेऊन ऊसतोडीला निघायची. ती आईबरोबर लहानपणापासून जायची, लग्नानंतर नवऱ्याबरोबर. एका हंगामात श्रीगोंद्याकडे असतानाच नवऱ्याचा पाय बैलगाडीच्या चाकाखाली आला. पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, टोळी परत गेली, आणि ही दोघं पाय बरा व्हायची वाट बघत इथंच थांबली. पाय काही पूर्ण बरा झाला नाही. मग तिनं रस्त्याकडेला तीन दगडांची चूल मांडली. आता तिथं पत्र्याची शेड आहे, ट्रॅक्टरवाले रांगेनं बसतात, आणि नवरा बसल्या जागी कांदा चिरत गिऱ्हाइकांशी गप्पा मारतो.

तिच्याबद्दल मला पहिल्यांदा वाटला तो हेवा. कौतुक नंतर आलं. उन्हाळ्यातल्या एका रविवारी मी सुतळीच्या गाठींच्या टांगण्या ठरवल्या होत्या. सुतळी आणायला वहिनी विसरली. तेव्हा ही म्हणाली, "चुंबळ करू या का? चिंध्या हायत माझ्याकडं." डोक्यावर उसाची मोळी घेताना खाली ठेवायची ती कापडाची गोल कडी म्हणजे चुंबळ. तिनं चिंध्यांना पीळ देत देत ती अशी वळली की कुठं सुरू झाली आणि कुठं संपली ते शोधून सापडेना. मला ती फार आवडली. मी माझ्या चुंबळीला चारी बाजूंनी आरसे आणि कवड्या चिकटवल्या, म्हणजे भिंतीवर शोभून दिसेल. तिनं ती हातात घेऊन उलटीपालटी केली. "छान झालीय बाई," ती म्हणाली, "फकस्त मोळी कुठं ठिवायची त्येवढं सांगा." सिस्टर हसून हसून सतरंजीवर आडवी झाली. मला राग आला होता, पण हसूही आवरलं नाही.

पोळ्याला आम्ही मातीचे बैल केले. तीस वर्षं मी फळ्यावर प्राण्यांची प्रमाणं शिकवली. माझ्या बैलाकडे बघून वहिनी म्हणाली, "राखणीला चांगला आहे." म्हणजे तो कुत्रा दिसत होता. हिचा बैल मात्र मान किंचित खाली घालून उभा होता, मागचा एक पाय सैल सोडलेला. मी विचारलं, "मान खाली का?" "दमलाय ना," ती म्हणाली. "आत्ताच जू काढलंय." वशिंडाच्या पुढे जिथं जू घासतं तिथली माती तिनं अंगठ्यानं जराशी दाबली होती. मी तो बैल बराच वेळ बघत बसले. कागदावर जे मी शिकवत होते ते तिनं रोज चालताना पाहिलं होतं, आणि पाहिलेलं तिच्या बोटांत उतरलं होतं. त्या दिवशी माझा हेवा संपला. हेव्याला निदान बरोबरी लागते, ती इथं नव्हती.

आणखी एक गोष्ट मला शिकण्यासारखी वाटायची, आणि मी ती शिकले नाही. ती कुणाच्याही वस्तूला नाव ठेवायची नाही. वहिनीचा बैल तीनच पायांवर उभा राहायचा, तर ही म्हणायची, "शिंगं झाक जमलीत." शोधून शोधून चांगलं तेवढं काढायची. चुंबळीवरून माझी जी फिरकी घेतली, ती एकदाच. तीही माझ्या तोंडावर, आणि नंतर ती चुंबळ तिच्याच वाट्याला आली तेव्हा तिनं ती खरोखर शेडमध्ये देवाच्या तसबिरीखाली टांगली.

मग मागच्या वर्षीचा आषाढ आला. दारोदार चिखल, म्हणून मी त्या महिन्यात पायपुसणी ठरवली. जुन्या साड्यांच्या लांब पट्ट्या फाडायच्या, तीन-तीन पट्ट्यांची वेणी घालायची, वेणी गोल गुंडाळत दाभणानं शिवत जायची. तिला रविवारी दुपारी गिऱ्हाइकांमुळे उशीर व्हायचा, म्हणून तिनं आपल्या चिंध्यांचं गाठोडं सिस्टरच्या स्कूटीवर पुढे पाठवलं. निरोप असा की सुरू करा, मी येतेच.

गाठोडं मी सोडलं. आत दोन विरलेल्या साड्या होत्या आणि परकराचे तुकडे. बाहेरून ज्यात बांधलं होतं ते एक नऊवारी लुगडं होतं, विटून वांग्याच्या सालीसारखं झालेलं, पिवळट काठाचं. आता आमच्याकडे गाठोडं कशात बांधतात हे कुणाला सांगायला नको. नेसून झालं, घरात अंथरून झालं, कशाच्याच कामाचं उरलं नाही की ते कापड गाठोड्याला लागतं. धान्य झाकायला, कपडे धोब्याकडे न्यायला, भाकरी गुंडाळायला. घरातल्या कापडांत त्याची पायरी सगळ्यात खालची. मला एका क्षणालाही काही वेगळं वाटलं नाही. उलट मी खूश झाले, कारण जुनं सुती कापड सरळ फाटतं, आणि लुगडं नऊवारी म्हणजे पट्ट्या भरपूर लांब.

मी एका टोकाला चार-चार बोटांवर कात्रीनं खुणा केल्या. एक टोक सिस्टरनं धरलं, एक मी, आणि आम्ही एकमेकींपासून लांब जात जात पट्टी फाडायचो. खोली पुरायची नाही म्हणून सिस्टर थेट अंगणात जायची. फर्रर्र असा आवाज व्हायचा. मोठी मजा येत होती. सोळा पट्ट्या होणार होत्या, पंधरावीला सिस्टरला दवाखान्यातून फोन आला. तेवढ्यात गिऱ्हाइकं उरकून ती दारात आली, चप्पल काढत होती.

"आलीस? बरं झालं," मी म्हणाले. "धर ते टोक. शेवटची आहे."

तिनं ते टोक धरलं. क्षणभर नुसतं धरूनच उभी राहिली. मी म्हणाले, "ओढ की." तिनं ओढलं.

त्या दुपारी ती फारशी बोलली नाही. तिला दमणूक झाली असेल असं मला वाटलं. पण काम तिनं असं केलं की काय सांगू. आमच्या वेण्या कुठं सैल, कुठं घट्ट, मधेच एखादी पट्टी उलटी. तिची वेणी सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखी, आणि गुंडाळताना पिवळा काठ तिनं असा आणला की पायपुसण्याच्या कडेनं पूर्ण गोल फिरला. मी ते वर उचलून सगळ्यांना दाखवलं. म्हणाले, "बघा, याला म्हणतात हात. इतक्या दिवसांत आपल्याकडे यापेक्षा चांगली वस्तू झाली नाही." तिनं मान हलवली.

चिठ्ठ्या पडल्या. तिचं पायपुसणं वहिनीच्या वाट्याला आलं, वहिनीचं सिस्टरला, सिस्टरचं मला, आणि माझं तिला. चारही पायपुसण्यांत त्या लुगड्याच्या पट्ट्या होत्या. मी माझं त्याच संध्याकाळी मोरीच्या दारात टाकलं आणि त्यावर पाय पुसले.

पुढच्या महिन्यात राख्या होत्या. ती आली नाही. कारखान्याच्या दुरुस्तीची माणसं जेवायला असतात, असा निरोप आला. त्याच्या पुढच्या महिन्यात गौरीच्या मखराची फुलं होती. तेव्हाही आली नाही. सिस्टर म्हणाली, "डबा देते, हसते, पण रविवारचा विषय काढला की कामाला लागते." आता माझा स्वभाव मी सांगितलाच आहे. मला वाटलं, चार कौतुकाचे शब्द काय बोलले, ही भाव खायला लागली. गौरी उठल्या आणि मी सरळ रिक्षा करून तिच्या शेडवर गेले, भांडायच्याच तयारीनं.

ती गिरणीत दळण आणायला गेली होती. नवरा कांद्याच्या ढिगापुढे बसला होता. त्यानं खुर्ची पुढे सरकवली, पाणी दिलं. मी इकडे तिकडे पाहिलं. शेडच्या मागे त्यांची खोली आहे, तिच्या दारात जुना पोत्याचा तुकडा होता. माझी आरशांची चुंबळ भिंतीवर होती, पण माझं पायपुसणं कुठं दिसेना. तेवढं निमित्त मला पुरलं.

"दिलेली वस्तू वापरायचीसुद्धा नाही का?" मी विचारलं. "का माझं पायपुसणं वाकडं होतं म्हणून फेकून दिलं?"

तो कांदा चिरायचा थांबला. "फेकंल कशाला, बाई," तो म्हणाला. "ते आत देवापाशी हाय. आता आईच्या लुगड्यावर पाय कसा द्यायचा?"

मला समजायला वेळ लागला. तो सांगत गेला, अगदी साधेपणानं. तिची आई ऊसतोडीतच गेली, फडात, ताप अंगावर काढून. तेव्हा हिचं नुकतंच लग्न झालेलं. आईचं म्हणून हातात राहिलं ते एवढं एक लुगडं. नेसण्यासारखं ते नव्हतंच. पेटीत ठेवून देणं हिला पटेना. म्हणायची, आईला कधी नुसतं बसलेलं बघितलं न्हाई, तिचं लुगडं तरी कशाला बसवून ठिवू. म्हणून भाकरी बांधायला, बाजार आणायला, जिथं तिथं तेच. "त्या दिवशी गाठोडं सिस्टरबाईंकडं दिलं तवा तिच्या ध्यानातच आलं न्हाई," तो म्हणाला. "रोजचंच ना ते. आन तुमचीबी चूक न्हाई. गाठोड्याचं फडकं कोन इचारून फाडतं?"

मी पाणी तसंच ठेवलं. मी भांडायला आले होते हे मला आठवलं आणि माझी मलाच लाज वाटली. शेवटची पट्टी फाडायला मी तिच्याच हातात टोक दिलं होतं. "ओढ की" म्हणाले होते.

मी त्याला म्हटलं, ते पायपुसणं मला द्या. तो घुटमळला. "ती काय म्हनंल?"

"सांगा, बाई घेऊन गेल्या. बाई कुठं कुणाला विचारतात?"

उरलेली तीन मी त्याच दिवशी गोळा केली. सिस्टरचं न्हाणीघरात होतं, माझं मोरीत. वहिनीकडचं, म्हणजे हिनं स्वतःच्या हातानं केलेलं, दुकानाच्या पायरीवर. पावसाळाभर अख्ख्या गावानं त्यावर चपला घासल्या होत्या. कडेचा पिवळा काठ तेवढा ओळखू येत होता. मी दोघींना का ते सांगितलं तेव्हा सिस्टर मटकन खाली बसली, आणि वहिनी रडायला लागली. मी वहिनीवर खेकसले, कारण मला स्वतःला रडू येत होतं.

चारही पायपुसणी तीन वेळा धुतली आणि उसवायला बसले. मी केलेलं अर्ध्या तासात सुटलं. इतकं ते ढिलं होतं. तिचं सुटायला चार दिवस लागले. दाभणाचा एक टाका निघायचा नाही. त्या चार दिवसांत मला तिचं काम जितकं कळलं तितकं ते बघून कधी कळलं नव्हतं. प्रत्येक वळणावर तिनं टाका आतून घेतला होता, म्हणजे पायाखाली दोरा झिजू नये. ज्या दुपारी तिच्या आईचं लुगडं तिच्यासमोर फाटलं, त्या दुपारी बसून तिनं हे केलं होतं. आमच्याकडच्या सगळ्यात सुंदर वस्तूचा एकेक टाका मी तोडत होते आणि दुसरा इलाज नव्हता.

सोळांपैकी चौदा पट्ट्या हाती आल्या. दोन पायरीवर कुजून गेल्या होत्या. आता चौदा सारख्याच दिसणाऱ्या पट्ट्या, कोणती कुठली ते कसं ओळखायचं? काठाच्या दोन बाजूला लागणार एवढंच माहीत. तेव्हा माझ्या लक्षात आलं की प्रत्येक पट्टीवर मध्याच्या आसपास एक बारीक शिवण आहे. लुगडं मधे विरलं की बायका तेवढा भाग कापून टाकतात आणि उरलेले दोन तुकडे जोडतात. त्याला दांड घालणं म्हणतात. तिच्या आईनं दांड घातला होता, तांदळाच्या दाण्याएवढ्या टाक्यांनी. आणि तो अगदी सरळ नव्हता, कणभर तिरका गेला होता. एका पट्टीवर तो जिथं संपायचा तिथंच शेजारच्या पट्टीवर सुरू व्हायचा. मी चौदा पट्ट्या सतरंजीवर पसरून दांडाला दांड लावत गेले आणि लुगडं पुन्हा क्रमानं लागलं, दोन जागा सोडून. आयुष्यभर तिरकी रेघ दिसली की मी लाल पेन काढत आले. त्या तिरक्या शिवणीला मी हात जोडले.

मशीनवर शिवायला गेले तर कापड सुईखाली विरायला लागलं. म्हणून हातशिलाई, धावदोरा, नऊ वार एका जोडाला, असे तेरा जोड. सिस्टर आणि वहिनी मदतीला आल्या. मी नको म्हणाले, आणि दोन दिवसांनी बोटं सुजल्यावर हो म्हणाले. सिस्टर जखम शिवतात तसं चिमटीनं कडा धरायची. त्या तीस-पस्तीस दिवसांत मी कुणाच्या हातातून सुई काढून घेतली नाही. वहिनीचा टाका माझ्यापेक्षा बारीक येत होता, हे मी तिला सांगितलंसुद्धा.

दिवाळी तोंडावर आली तेव्हा लुगडं झालं. मी ते धुऊन, घडी घालून, सकाळी गिऱ्हाईक सुरू व्हायच्या आधी शेडवर गेले. एकटीच गेले. ती परातीत पीठ मळत होती. तव्यावर पहिली भाकरी होती. मी घडी तिच्यापुढे बाकावर ठेवली आणि जे बोलायचं पाठ करून आले होते ते सगळं विसरले. एवढंच म्हणाले, "दोन पट्ट्या गेल्या. त्या मिळाल्या नाहीत."

तिनं हात धुतले, पुसले, घडी उलगडली. शिवणीवरून बोट फिरवत गेली. दांडापाशी बोट थांबलं, मग त्याच्या कलानं तिरकं तिरकं पुढे गेलं.

"त्या दिवशी बोलली का नाहीस?" मी विचारलं. "एक शब्द बोलली असतीस तर मी थांबले नसते का?"

"मी आले तवा येकच पट्टी राह्यली हुती, बाई," ती म्हणाली. "तेवढी वाचवून काय करायचं? आन तुमी सगळ्या लई आनंदात हुत्या. म्हनलं, आता फाटलंच हाय तर वेनी तरी आईला आवडंल अशी घालावी."

"मग नंतर यायची का थांबलीस?"

"दोनदा निघाले हुते. वैनींच्या दुकानाच्या पायरीपर्यंत आले. तिथनं पुढं पाय उचलंना."

बाजारपेठेतून माझ्या घराकडे यायला तीच वाट आहे. मी मान खाली घातली. तिनं लुगड्याचं एक टोक कमरेला खोचलं, बाकीचं अंगातल्या साडीवरूनच भोवती घेतलं आणि खाली वाकून पाहिलं. दोन पट्ट्या गेलेल्या आणि तेरा शिवणींनी थोडं थोडं खाल्लेलं. ते तिच्या घोट्याच्या चांगलं दीड वीत वर राहिलं होतं.

"आखूड झालं," मी म्हणाले.

"मला आखूड झालं," ती म्हणाली. "आई बुटकी हुती. तिला हे कायम लांब पडायचं. फडात सारखी अडखळायची, सारखी वर खोचायची. आता तिला बराबर आलं असतं."

मी तिथंच बाकावर बसले आणि शाळेतल्या पोरासारखी रडले. लुगडं तसंच अंगाभोवती ठेवून ती चुलीकडे वळली, तव्यावरची भाकरी करपत आली होती ती उलटली. मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, "ह्या आयतवारी कंदील करायचेत ना? कामट्या इकत आनू नका. मी घिऊन येते."